कारखाना क्रमांक सात

दुम्यात, ३ ऑक्टोबर

हुसामदादा,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज पाठवला की वाचल्याची खूण उमटते आणि पुढे सगळं सामसूम. म्हणून कागदावर लिहितेय. आपल्या गल्लीतला रिज्क सुट्टी संपवून तुझ्या जेद्द्याला परत चाललाय, त्याच्या हाती देते. कागद फाडून टाकायचा झाला तरी आधी हातात घ्यावा लागतो.

आधी कामाचं बोलते. मी मन्सुऱ्याच्या विद्यापीठात संध्याकाळचं एमबीए करतेय हे आत्याने तुला सांगितलं असेलच. दिवसा बाबांच्या कारखान्यातला पत्रव्यवहार आणि गिऱ्हाइकं, संध्याकाळी वर्ग. शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एक स्वतंत्र संशोधन करावं लागतं. विषय आपला आपण शोधायचा, माणसं आपण गाठायची, मार्गदर्शक फक्त चुकेल तिथे बोट ठेवणार. वर्गातल्या बहुतेकांनी बँका नाहीतर मोबाइल कंपन्या घेतल्या. मी घेतलं ते असं: दुम्यातचे फर्निचरचे कारखाने बापाकडून मुलाकडे का जात नाहीत?

हसलास ना? माझ्या मार्गदर्शक डॉ. अफाफ, त्याही हसल्या. म्हणाल्या, "घरचं दुखणं घेऊन आलीस की काय?" मी म्हटलं, "बाई, आमच्या गावात दर दुसऱ्या घराचं हेच दुखणं आहे." तेव्हा गंभीर झाल्या. "मग घे. पण स्वतःचं घर त्यात घेतलंस तर तिथे मुलगी म्हणून बसायचं नाही. प्रश्न विचारायचा, उत्तर लिहायचं. वाद घालायचा नाही, समजूत काढायची नाही, आणि रडायचं तर मुळीच नाही."

कुणाचं नाव लिहायचं नाही असा नियम आहे. प्रत्येक कारखान्याला क्रमांक. आपला सातवा. बाबांना सांगितलं तर भडकले. "सातवा? या गल्लीत माझ्या बापाने पहिला रंधा मारला आणि मी सातवा?" मी म्हटलं, "बाबा, हा मानाचा क्रमांक नाही." तर म्हणाले, "मग ज्याला मान नाही त्याला दे तो." पण मुलाखतीला हो म्हणाले. का म्हणाले, मला अजून कळलेलं नाही. तू गेल्यापासून ते माझ्याशी लाकूड आणि जेवण सोडून तिसऱ्या विषयावर बोललेले नाहीत.

आता माझी विनंती. प्रबंधात एक भाग आहे, 'सोडून गेलेला वारस'. बाकीच्या कारखान्यांतली मुलं कुवेत, कैरो, इटली, कुठे कुठे आहेत. ती बोलली. सातव्यातला तू आहेस. प्रश्न सोबत जोडलेत.

तू घर सोडून गेलास त्या दिवशीचं मला तुझ्या तोंडून हवंय, दादा. मी पाहिलं ते वरच्या ऑफिसच्या काचेतून. डॉक्टरांच्या मुलीच्या लग्नासाठी आपण दिलेली बैठक, सोफा-खुर्च्यांचा सगळा संच, परत आला होता. काही खुर्च्यांच्या हातांवरची कोरलेली पानं एका बाजूला सुरेख, दुसऱ्या बाजूला उंदराने कुरतडल्यासारखी. बाबा सगळ्या कारागिरांसमोर ओरडले, "हे तुझ्या मशीनचं काम! लाकडाला हात लावायची अक्कल नाही आणि माझ्या नावाला काळं फासलंस!" तू ते कोरीवकामाचं मशीन आणून जेमतेम एक हंगाम झाला होता. तू खुर्ची उलटीसुलटी करून पाहिलीस. मग बाबांकडे पाहिलंस, बराच वेळ. जाकीट उचललंस आणि गेलास.

एक शब्द का नाही बोललास? "चुकलो बाबा" एवढं म्हटलं असतंस, तर चार दिवस आदळआपट झाली असती आणि पाचव्या दिवशी तुम्ही दोघं एका ताटात जेवला असता. मी तुला दोष देत नाही. पण देतेच आहे, हेही खरं.

तुझी
नशवा


दुम्यात, २६ नोव्हेंबर

दादा,

तुझं उत्तर पोचलं. इतक्या प्रश्नांना एकच ओळ: "मला काही सांगायचं नाही. बाबांना विचार." ठीक आहे. नियमाप्रमाणे तुझ्या नावापुढे 'उत्तर दिलं नाही' असं लिहिलंय.

बाबांना विचारतेच आहे. मुलाखतीच्या दोन बैठका झाल्या. आमच्या बैठका कशा होतात ते ऐक. मी ऑफिसात टेबलापलीकडे बसते, ते खुर्ची ओढून समोर बसतात, इस्त्रीची पायघोळ जलाबिया घालून, जणू पासपोर्टच्या कचेरीत आलेत. मी म्हणते, "आपण केव्हाही थांबू शकता. दिलेलं उत्तर मागे घेऊ शकता. मागे घेतलेलं कुठेही छापलं जाणार नाही." ते मान डोलावतात. आणि मग, दादा, ते बोलतात! मला म्हणजे नशवाला नाही, त्या टेबलामागच्या बाईला. मला 'तुम्ही' म्हणतात. पहिल्यांदा मला हसू आलं, मग मी मान खाली घालून लिहीत राहिले.

त्या बाईला त्यांनी सांगितलं की आजोबांनी त्यांना शाळेतून काढून कारखान्यात बसवलं तेव्हा ते छपरावर जाऊन रडले होते. त्यांना जहाजावर जायचं होतं. तुला ठाऊक होतं हे? मला नव्हतं. मी विचारलं, "मग तुमच्या मुलाला तुम्ही विचारलंत का, त्याला काय हवं होतं?" म्हणाले, "त्याला कारखानाच हवा होता. अल्लाने मला नशीबवान केलं होतं. माझ्यासारख्याला कारखाना नको म्हणणारा मुलगा मिळायला हवा होता, आपणहून मागणारा मिळाला." हे वाक्य मी जसंच्या तसं लिहून ठेवलंय. अर्थ मला अजून लागलेला नाही.

दुसऱ्या बैठकीत ठरलेला प्रश्न होता: कारखान्याला वारस किती?

"एक," म्हणाले.

मी पेन धरून बसले. त्याच खुर्चीत बसून मी इतकी वर्षं त्यांच्या गिऱ्हाइकांशी बोलतेय, बीच झाडाचं परदेशी लाकूड बंदरावर अडकलं की मी जाते, सोनेरी वर्खवाल्याशी भांडायला मी. वाद घालायचा नाही, डॉ. अफाफ म्हणाल्या होत्या. मी 'एक' लिहिलं.

मग बाबा उठले, दारात थांबले आणि माझ्या नेहमीच्या बाबांच्या आवाजात म्हणाले, "संध्याकाळी बस उशिरा आली तर फोन कर. मी नाक्यावर येईन." या माणसाचं काय करायचं?

इतर कारखान्यांत मात्र लोक बोलून बोलून मला दमवतात. तिसऱ्या क्रमांकाचे काका मुलाबद्दल बोलताना इतके रडले की त्यांची बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "लिही पोरी, हेही लिही, की याने त्याला रोज गाढव म्हणून हाक मारली!" मी लिहिलं.

नशवा


दुम्यात, १९ जानेवारी

दादा,

माझ्या पहिल्या पत्रातली 'चुकलो बाबा' असं म्हणायला हवं होतंस, ती ओळ खोडून टाक. शक्य असेल तर मी ती लिहिली हे विसरून जा.

तिसरी बैठक झाली. त्याबद्दल मला तुला फारसं काही लिहिता येत नाही. प्रश्न साधाच होता: 'एखादा निर्णय बदलता आला असता तर कोणता बदलला असता?' बाबांनी खुर्ची पुढे ओढली. मग त्यांनी दोन्ही हात खिशांतून काढून टेबलावर ठेवले. त्यांचे हात मी इतक्या जवळून कधी पाहिले नव्हते. आपण समजत होतो गुडघ्यामुळे ते आता पटाशी धरत नाहीत. ते तसंच सांगत होते ना सगळ्यांना.

मग ते बोलले. बोलून झाल्यावर त्यांनी हात पुन्हा खिशांत घातले आणि म्हणाले, "हे काढून टाका. मी मागे घेतो. मागे घेता येतं म्हणालात."

मी म्हटलं, "हो, येतं."

मी डॉ. अफाफकडे गेले. काय ऐकलं ते त्यांनाही सांगितलं नाही, फक्त मागे घेतलं एवढं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग संशोधक म्हणून ते वाक्य तुझं नाही. मुलगी म्हणून काय करायचं ते मला विचारू नकोस." घरी येताना बसमध्ये मी ठरवलं की मुलगी म्हणूनही ते माझं नाही. ते ज्याचं आहे त्यानेच ज्याला द्यायचं त्याला द्यावं. मधे मी पडले तर ते नासेल.

तुला नक्की ठाऊक आहे मी कशाबद्दल बोलतेय. आजवर वाटायचं तू गेलास तो तिरसटपणे. आता डोळ्यांसमोर तू खुर्ची उलटी करून पाहतोस ते येतं, आणि मग पाहतोस ते बाबांकडे, थांबून. इतकी वर्षं तू थांबलेलाच आहेस, नाही का?

तुझ्या बाळाचा, यासीनचा फोटो आत्याने दाखवला. नाक आपल्या आईचं आहे. बाबांनी फोटो मागितला नाही, पण आत्या पाणी प्यायला उठली तेव्हा तिचा मोबाइल उचलून पाहिला. पडद्यावर बोट नीट टेकेना त्यांचं, फोटो सारखा सरकत होता. मी मदतीला गेले नाही. जाऊ नये असं वाटलं.

नशवा


दुम्यात, ११ जून

दादा,

काल माझी प्रबंधाची तोंडी परीक्षा झाली. झालं ते क्रमाने सांगते, कारण आत्या तुला फोन करून तिच्या पद्धतीने सांगेल आणि त्यात ती स्वतःच परीक्षक असेल.

आपल्याकडची परीक्षा म्हणजे अर्धं लग्नच. आत्या मिशब्बक मिठाईचे डबे घेऊन, शेजारणी नटूनथटून, आणि मागच्या रांगेत बाबा, करड्या कोटात, हात खिशात. मी बोलावलं नव्हतं. सकाळी फक्त म्हणाले, "त्या सातव्या माणसाला यायला बंदी नाही ना?"

बाहेरून आलेले परीक्षक डॉ. मुनीर. बारीक अंगाचे, आवाज त्याहून बारीक, आणि एकही पान न वाचता सोडलेलं नाही. सुरुवातीला बरं चाललं. मग त्यांनी चष्मा वर केला.

"बाकी सगळीकडे मुलगा का गेला याचं कारण दिलंय. कुठे गाढव म्हटलं म्हणून, कुठे बापाच्या दुसऱ्या बायकोमुळे. क्रमांक सात सगळ्यांत मोठं प्रकरण. वडिलांच्या तीन बैठका. आणि शेवटी लिहिलंय, 'कारण उपलब्ध नाही'. तुम्ही विचारलं नाही, की लपवताय?"

"विचारलं, सर. उत्तर मिळालं होतं. उत्तरदात्याने ते मागे घेतलं."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे."

"हो."

"आणि सांगणार नाही."

"नाही, सर. तो त्यांचा हक्क आहे."

"मान्य. मग सातवं प्रकरण काढा. पण तुमचा सगळा निष्कर्ष त्यावर उभा आहे. म्हणजे प्रबंध पुन्हा लिहावा लागेल. वर्ष जाईल."

मी डॉ. अफाफकडे पाहिलं. त्यांनी नजर खाली केली, त्यांच्या हातात काही नव्हतं. मी म्हटलं, "चालेल, सर."

तेव्हा मागे खुर्ची सरकली.

अध्यक्ष म्हणाले, "हाजी, प्रेक्षकांना इथे बोलता येत नाही."

"मी प्रेक्षक नाही," बाबा म्हणाले. "मी क्रमांक सात."

आत्या म्हणाली, "या अल्ला." 

बाबांनी खिशांतून हात काढले आणि पुढच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवले. ती रिकामी खुर्ची खडखडायला लागली. त्यांनी ती सोडून हात तसेच हवेत धरले, सगळ्यांना दिसतील असे.

"लिहून घ्या," म्हणाले. "परत आलेल्या त्या खुर्च्या माझ्या हातच्या होत्या. मशीनने कोरलेली सगळी कामं चोख गेली. या हातांना त्याआधीच हे लागलं होतं, मी कुणाला कळू दिलं नव्हतं. डॉक्टरांकडची बैठक म्हणून मी हट्टाने स्वतः कोरायला घेतली. बिघडली. मी मुलावर ढकललं. सगळ्यांदेखत."

डॉ. मुनीर हळूच म्हणाले, "मुलाला कळलं नाही?"

"बापाच्या पटाशीचा घाव पोराला ओळखू येतो. त्याने खुर्ची उलटी केली तेव्हाच त्याला कळलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी बोलेन म्हणून वाट पाहिली त्याने. मी बोललो नाही. म्हणून तो गेला. कारण उपलब्ध आहे."

बसतील असं वाटलं, पण बसले नाहीत. माझ्याकडे बोट केलं, ते बोटही स्थिर नव्हतं. "या मुलीला मी म्हटलं काढून टाक, तिने काढलं. आत्ता माझ्यापायी हिचं वर्ष वाया चाललं होतं. तोही असाच गप्प राहिला होता. माझी पोरं गप्प बसण्यात हुशार निघाली. ती हुशारी त्यांना माझ्यामुळे लागली."

मग ते बसले. रडायचं नाही हा नियम डॉ. अफाफनी आधी मोडला, मी नंतर.

पास झाले, दादा. सातवं प्रकरण दुरुस्त करून द्यायचंय. निकाल वाचला तेव्हा शेजारणींनी लग्नात घालतात तशा झगारीतच्या किलकाऱ्या घातल्या, आत्याने डबे उघडले, आणि डॉ. मुनीर हातात मिशब्बक घेऊन बाबांच्या शेजारी जाऊन बसले. दोघं काय बोलले कुणास ठाऊक. बसमध्ये बाबा पुढे बसले, वाटभर मागे वळून पाहिलं नाही.

आज सकाळी मात्र त्यांनी कारखान्यात यंत्रं बंद करायला लावली. सगळ्या कारागिरांना बोलावलं आणि तेच पुन्हा सांगितलं. मला वाटलं सगळे हादरतील. उस्ता शाबान, तुझ्या वेळचा मुकादम, हातातला भुसा झटकत म्हणाला, "उस्ताद, आम्ही सुतार आहोत, आंधळे नाही."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"खुर्च्या गाडीतून उतरवल्या तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत रे?"

"पोटचा पोरगा बोलला नाही. आम्ही कोण?"

बाबांनी यंत्रं सुरू करायला सांगितली आणि वर येऊन माझ्या समोरच्या खुर्चीत बसले.  मग म्हणाले, "फोनवर नाही सांगणार त्याला. फोनवर हात दिसत नाहीत."

उमऱ्याच्या यात्रेला नाव घालायला सांगितलंय त्यांनी. अल्लाच्या घरी जायचं म्हणतायत, आणि तेही खरं असेल. पण विमान जेद्द्याला उतरतं. तू न्यायला ये, असं मी म्हणणार नाही. तारीख कळवीन, एवढंच.

नशवा


दुम्यात, ८ नोव्हेंबर

प्रिय दादा,

बाबा काल परत आले. जमजमचं पाणी, तू दिलेली शाल आणि तुझ्या बायकोने बांधून दिलेले खजूर, सगळं सुखरूप. तुमच्या दोघांत काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. माझं संशोधन संपलंय. त्यांनी आपणहून सांगितलं ते एवढंच: "विमानतळावर तो खांबाशी उभा होता. जाड झालाय. मी त्याला ओळखायच्या आत त्याने माझी पिशवी घेतली." आणि जेवताना, आत्या यासीनबद्दल विचारत होती तेव्हा, "मांडीवर घेतला की लगेच झोपतो पोरगा. सून म्हणाली, आमच्याकडे असा झोपत नाही. मी म्हटलं, बाई, मी काहीच करत नाही, हे हातच करतात." आत्या हसली. मग ते स्वतःही हसले. आपल्या घरात त्या हातांवरून कुणी हसेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

आता माझं. हे मी तू भेटलास की बोलणार होते, पण समोरासमोर आपण दोघंही बोलायचं टाळतो, हे आता सिद्ध झालंय. म्हणून लिहूनच.

काल विमानतळावरून घरी येताना बाबा म्हणाले, "हुसाम परत येईल, तर कारखाना..." आणि माझ्याकडे पाहून थांबले. मी म्हटलं, "बाबा, हुसामदादा आला तर मला आनंद होईल. त्याच्याइतकं मशीन कुणाला कळत नाही आणि मला त्याची गरज आहे. पण कारखाना मी चालवते. आजही मीच चालवतेय, उद्याही मीच चालवीन." विचारलं नाही, सांगितलं. प्रबंध लिहिताना इतक्या घरांतून एकच गोष्ट ऐकली: बापाने ठरवलं नाही, मुलाने मागितलं नाही, आणि मधल्या शांततेत कारखाना गेला. मला आपला तसा घालवायचा नाही.

बाबा भडकले नाहीत. म्हणाले, "तुझी आई अशीच बोलायची." मग विचारलं, "आणि त्याला वाईट वाटलं तर?"

मी म्हटलं, "तर तो सांगेल. आता आपल्याकडे सांगायची पद्धत सुरू झालीय."

म्हणून तुला विचारते. वाईट वाटतंय का? वाटत असेल तर उघड लिही, भांड, वाटल्यास येऊन भांड. मी ऐकून घेईन पण मागे हटणार नाही. आणि यायचं असेल तर वारस म्हणून येऊ नकोस, दादा. भाऊ म्हणून ये, मशीन जाणणारा माणूस म्हणून ये. जागा आहे, काम तर भरपूर आहे.

खाली कुणीतरी मन्सुऱ्याचं गिऱ्हाईक आलंय, मुलाच्या लग्नासाठी बैठक हवी आहे. आवाजावरून घासाघीस करणारं दिसतंय. बाबा त्यांना म्हणतायत, "माझ्याशी बोलून उपयोग नाही. वर जा. मालकीणबाई वर बसतात."

आता थांबते. ते जिना चढून आलेच.

तुझी
नशवा